काळोखाचे कोडे घालणारे डॉक्टर : हाइनरिश ओल्बर्स

रात्री आकाश काळे का दिसते, असे घरातल्या लहानग्याने विचारले तर आपण चटकन सांगतो, सूर्य मावळला म्हणून. उत्तर इतके सरळ वाटते की पुढे कोणी काही विचारत नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील ब्रेमेन शहरात एक वयोवृद्ध डॉक्टर राहत होते. त्यांना मात्र या उत्तराने समाधान झाले नाही. सूर्य मावळला तरी तारे उरतातच, आणि ते जर अगणित असतील तर त्यांच्या एकत्रित प्रकाशाने रात्रही दिवसासारखी लख्ख व्हायला हवी. मग काळोख येतो कुठून, असा प्रश्न त्यांनी मांडला. त्यांचे नाव हाइनरिश विल्हेल्म मथायस ओल्बर्स. आज जगभरच्या खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रश्न ओल्बर्सचा विरोधाभास या नावाने शिकवला जातो.

विद्येची देवता असलेल्या गणरायाच्या उत्सवात या गृहस्थांचे स्मरण करण्यास आणखी एक कारण आहे. ओल्बर्स यांनी खगोलशास्त्राची नोकरी कधीच केली नाही. पोटापाण्यासाठी ते रोगी तपासत आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण लावून बसत. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. ओल्बर्स यांनी या भाकऱ्या तब्बल साठ वर्षे भाजल्या.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १७५८ रोजी ब्रेमेनजवळच्या आर्बेर्गेन या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि घरात सोळा भावंडे होती. ओल्बर्स त्यांतले आठवे. लहानपणीच वडिलांची बदली ब्रेमेनला झाली आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य याच शहरात गेले. वेझर नदीकाठचे ब्रेमेन हे व्यापाऱ्यांचे स्वतंत्र नगरराज्य होते. तिथल्या पेढ्यांची जहाजे दूरदेशी जात, पण शहरात विद्यापीठ नव्हते की वेधशाळा नव्हती. आकाशाचा छंद त्यांना तेराव्या-चौदाव्या वर्षी लागला. शाळेत गणित फारसे शिकवत नसल्यामुळे आवश्यक तेवढे गणित त्यांनी स्वतःच पुस्तकांतून शिकून घेतले.

चरितार्थाचा प्रश्न असल्याने १७७७ साली ते वैद्यकाच्या शिक्षणासाठी गॉटिंगेनच्या विद्यापीठात गेले. तिथे वैद्यकाबरोबर गणिताच्या व्याख्यानांनाही जात. १७७९ साली एक सहाध्यायी आजारी पडला. त्याच्या उशाशी बसून शुश्रूषा करता करता ओल्बर्स यांनी त्या वर्षी दिसलेल्या धूमकेतूची कक्षा काढण्याचे गणित मांडले आणि ते करण्याची एक सोपी रीत त्यांना सुचली. तोपर्यंत हे काम अत्यंत किचकट समजले जाई. थोरथोर गणितींना त्यासाठी दिवसचे दिवस आकडेमोड करावी लागे. रोग्याच्या खोलीत एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सुचलेली ती रीत १७९७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढे संपूर्ण एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ तिचा वापर करत राहिले.

१७८० साली त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता, दूरचे आणि जवळचे पाहताना डोळ्याच्या आत होणारे बदल. पुढे ज्याचे सारे आयुष्य डोळा दुर्बिणीला लावण्यात गेले, त्याने आरंभ डोळ्याच्याच अभ्यासाने करावा हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. नंतर काही काळ व्हिएन्नाला अनुभव घेऊन ते ब्रेमेनला परतले आणि १७८१ च्या अखेरीस त्यांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला.

डॉक्टर म्हणून त्यांचा लौकिक लवकरच पसरला. देवीच्या रोगावर एडवर्ड जेनर यांनी शोधलेली लस तेव्हा अगदी नवी होती आणि लोकांच्या मनात तिच्याविषयी धास्ती होती. ब्रेमेनमध्ये त्या लसीचा पुरस्कार करणाऱ्यांत ओल्बर्स पुढे होते. हीच लस बगदाद आणि बसरामार्गे १८०२ च्या जूनमध्ये मुंबईला पोचली आणि तिथून आपल्या मुलखात पसरली. देवीच्या भयातून लोकांची सुटका करण्याच्या या जगभरच्या कामात ब्रेमेनच्या या डॉक्टरांचाही वाटा होता.

दिवसभर दवाखाना आणि घरोघरच्या भेटी आटोपल्या की रात्र त्यांची स्वतःची असे. ते चार तासांहून अधिक झोपत नसत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. घराचा वरचा मजला हीच त्यांची वेधशाळा. तिथे भिंतीत रोवलेली मोठी यंत्रे नव्हती. हाताने फिरवता येतील अशा काही चांगल्या दुर्बिणी होत्या आणि त्यांच्या जोडीला आकाशाचे पाठ असलेले ज्ञान होते. कोणत्या भागात कोणते बारीक तारे आहेत हे त्यांना इतके तोंडपाठ होते की एखादा परका ठिपका दिसला तर तो लगेच ओळखू येई. याशिवाय त्यांनी ग्रंथ जमवले. धूमकेतूंवरचा त्यांचा ग्रंथसंग्रह इतका समृद्ध झाला की त्यांच्या मृत्यूनंतर तो रशियातील पुल्कोव्हो येथील वेधशाळेने विकत घेतला.

घरातले आयुष्य मात्र इतके सुरळीत नव्हते. १७८५ साली त्यांचा विवाह झाला आणि वर्षभरातच मुलीला जन्म देऊन पत्नी निवर्तली. पदरात तान्ही मुलगी आणि बाहेर रोगी. १७८९ साली त्यांनी दुसरा विवाह केला आणि त्यांना एक मुलगा झाला. पुढच्या तीस वर्षांत त्यांची बहुतेक सारी मोठी कामे झाली.

त्या काळी मंगळ आणि गुरू यांच्यामधली रिकामी जागा खगोलशास्त्रज्ञांना खटकत होती. ग्रहांच्या अंतरांचा हिशेब पाहता तिथे आणखी एखादा ग्रह असावा असे वाटत होते. ब्रेमेनजवळच्या लिलिएन्टाल या गावी योहान श्रोटर नावाचे सरकारी अधिकारी राहत. त्यांनी स्वखर्चाने मोठी वेधशाळा उभारली होती. सप्टेंबर १८०० मध्ये तिथे ओल्बर्स यांच्यासह सहा जण जमले आणि त्यांनी या हरवलेल्या ग्रहाचा पद्धतशीर तपास करायचे ठरवले. आकाशाचे भाग वाटून प्रत्येकाने आपापल्या भागावर पहारा ठेवायचा, अशी ती योजना होती. लोक गमतीने त्यांना आकाशाचे पोलीस म्हणू लागले.

पण त्यांचे काम नीट सुरू होण्यापूर्वीच १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियात्सी यांना एक नवी ज्योत सापडली. तिला त्यांनी सीरीस हे नाव दिले. थोड्याच दिवसांत ती सूर्याच्या उजेडात लपली आणि पुन्हा कुठे शोधावी हे कळेना. तेव्हा ब्रुन्सविकमधील चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीड्रिख गाउस या गणित्याने थोड्याशा निरीक्षणांवरून तिची कक्षा काढली. गाउस यांनी सांगितलेल्या जागेच्या जवळच सीरीस पुन्हा सापडली. वर्षाच्या अखेरीस फॉन झाख यांना आणि १ जानेवारी १८०२ च्या रात्री ओल्बर्स यांना ती स्वतंत्रपणे दिसली. तिच्या पहिल्या दर्शनाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. गाउस आणि ओल्बर्स यांचा स्नेह इथून सुरू झाला आणि अखेरपर्यंत टिकला.

सीरीसचा मागोवा घेत असताना २८ मार्च १८०२ रोजी ओल्बर्स यांना कन्या राशीत आणखी एक अनोळखी ठिपका दिसला. दोन तासांत त्याने जागा बदललेली दिसताच तो तारा नसल्याची त्यांची खात्री पटली. हा दुसरा लघुग्रह, पॅलास. एका ग्रहाच्या जागी दोन छोटे ग्रह कसे, याचा विचार करताना त्यांना वाटले की तिथे पूर्वी एकच मोठा ग्रह असावा आणि तो फुटून त्याचे हे तुकडे झाले असावेत. तसे असेल तर सर्व तुकड्यांच्या वाटा आकाशात ठराविक दोन ठिकाणी एकमेकींजवळ यायला हव्यात. एक जागा कन्या राशीत आणि दुसरी तिमिंगल तारकासमूहात येत होती. या दोन जागांवर त्यांनी वर्षानुवर्षे नजर ठेवली. १८०४ साली लिलिएन्टालच्या हार्डिंग यांना तिमिंगलाच्या जवळच जूनो सापडला आणि २९ मार्च १८०७ रोजी खुद्द ओल्बर्स यांना कन्या राशीत व्हेस्टा सापडला. सर्व लघुग्रहांत हाच सर्वांत तेजस्वी. काळोख्या आकाशात कधी कधी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. नाव ठेवण्याचा मान ओल्बर्स यांनी गाउस यांना दिला.

आपल्या हाती लागलेल्या बाळाचे बारसे दुसऱ्याकडून करवून घेणारा हा माणूस मोठ्या मनाचा होता, याचे आणखीही पुरावे आहेत. गाउस यांना गॉटिंगेनच्या वेधशाळेचे संचालकपद मिळावे म्हणून ओल्बर्स यांनी खटपट केली. नेपोलियनच्या सैन्याने मुलूख जिंकल्यावर गाउस यांच्यावर दोन हजार फ्रँकचा कर लादला गेला, तेव्हा न मागता ओल्बर्स यांनी रक्कम पाठवून दिली. गाउस स्वाभिमानी, त्यांनी ती आभार मानून परत केली. पण मुलगी झाली तेव्हा तिचे नाव ओल्बर्स यांच्या नावावरून विल्हेल्मिना ठेवले.

याहून मोठी गोष्ट फ्रीड्रिख बेसेल यांची. ब्रेमेनमधील एका व्यापारी पेढीत हा तरुण पंधराव्या वर्षापासून उमेदवारी करत होता. जहाजांच्या प्रवासाला उपयोगी पडेल म्हणून तो नौकानयन शिकू लागला, त्यातून खगोलशास्त्राकडे वळला आणि रात्री जागून त्याने एक गणित पुरे केले. १६०७ साली दिसलेल्या हॅलेच्या धूमकेतूची इंग्लंडमधील जुनी निरीक्षणे घेऊन त्याने त्याची कक्षा काढली होती. १८०४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने धीर करून ओल्बर्स यांना ते कागद पाहण्याची विनंती केली. शहरातला नामांकित डॉक्टर आणि एक उमेदवार कारकून. ओल्बर्स यांनी कागद काळजीपूर्वक वाचले, त्यात काय भर घालावी ते सुचवले आणि तो लेख छापून आणला. नंतर १८०६ साली त्यांच्याच शब्दावर बेसेल लिलिएन्टालच्या वेधशाळेत गेले, आणि १८१० साली क्योनिग्सबर्गच्या नव्या वेधशाळेचे प्रमुख झाले. बेसेल यांना ओळखून त्यांना या शास्त्राकडे वळवले हीच आपली खगोलशास्त्राला सर्वांत मोठी देणगी, असे ओल्बर्स स्वतः मानत. ज्याच्या नावावर दोन लघुग्रह होते, त्याचे आपल्या कामाविषयीचे मत असे होते.

नेपोलियनच्या युद्धांचा फटका ब्रेमेनलाही बसला. १८१० च्या अखेरीस शहर फ्रेंच साम्राज्यात सामील केले गेले. शहराचा प्रतिष्ठित नागरिक म्हणून १८११ साली नेपोलियनच्या पुत्राच्या नामकरणविधीसाठी ओल्बर्स यांना पॅरिसला प्रतिनिधी म्हणून जावे लागले आणि पुढे फ्रेंच विधिमंडळातही बसावे लागले. १८१३ साली फ्रेंच सैन्याने लिलिएन्टाल गाव जाळले. त्यात श्रोटर यांची कित्येक वर्षांची कागदपत्रे गेली. ज्या ठिकाणी आकाशाच्या पोलिसांची बैठक भरली होती तिथली वेधशाळा यानंतर पुन्हा सावरली नाही.

या धामधुमीतही त्यांचे वेध चालूच होते. १८११ च्या मोठ्या धूमकेतूचे निरीक्षण करून, धूमकेतूची शेपटी सूर्यापासून दूर ढकलणारी एखादी प्रतिकारक शक्ती असावी आणि ती विजेसारखी असावी, असे त्यांनी १८१२ साली लिहिले. आज आपण जाणतो की सूर्याच्या प्रकाशाचा दाब आणि सूर्यातून वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत या दोन गोष्टी शेपटीला दूर लोटतात. ६ मार्च १८१५ रोजी त्यांनी स्वतः एक धूमकेतू शोधला. तो सुमारे ६९ वर्षांनी परत येतो. आपल्या काळात, २०२४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तो येऊन गेला.

नंतरची वर्षे दुःखाची होती. १८१८ साली, पहिल्या पत्नीची आठवण असलेली एकुलती एक मुलगी वारली. १८२० साली दुसरी पत्नीही गेली. ओल्बर्स यांनी दवाखान्यातून अंग काढून घेतले. साठी उलटलेली, घर रिकामे, प्रकृती पूर्वीसारखी नाही. याच दिवसांत, मे १८२३ मध्ये, त्यांनी आकाशाच्या पारदर्शकतेवर एक छोटा निबंध लिहिला. बर्लिनच्या खगोलीय वार्षिकात तो छापून आला.

निबंधातला मुद्दा असा. विसर्जनाच्या मिरवणुकीत माणसे तुरळक असतील तर त्यांच्यामधून पलीकडचा रस्ता दिसतो. पण गर्दी कित्येक मैल पसरलेली असेल तर कुठेही पाहिले तरी नजर कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावरच अडते. त्याचप्रमाणे विश्वाला अंत नसेल आणि तारे सगळीकडे सारखे पसरलेले असतील, तर आकाशात कुठल्याही दिशेला पाहिले तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावरच जाऊन पोचेल. दूरचा तारा अंधुक दिसतो म्हणून हिशेब सुटत नाही. पणत्या दुप्पट अंतरावर ठेवल्या तर प्रत्येकीचा उजेड चौथाई होतो हे खरे. परंतु दुप्पट अंतरावरच्या गोलात जागा चौपट असल्यामुळे पणत्याही चौपट मावतात आणि एकूण उजेड तेवढाच राहतो. असे थरावर थर रचत गेले की संपूर्ण आकाश सूर्यबिंबासारखे धगधगले पाहिजे. आपल्या डोक्यावरच्या अर्ध्या आकाशात ९० हजारांहून अधिक सूर्यबिंबे मावतील, यावरून त्या उजेडाची कल्पना यावी. तिथे ना रात्र उरती, ना ती पाहायला आपण.

ओल्बर्स यांनी उत्तरही दिले. ताऱ्यांमधली पोकळी पूर्ण पारदर्शक नसावी. व्याधाच्या ताऱ्यापासून निघालेल्या ८०० किरणांपैकी ७९९ आपल्यापर्यंत पोचतात आणि एक वाटेत गळतो, एवढे मानले तरी अतिदूरच्या ताऱ्यांचा प्रकाश विझून जाईल आणि रात्र काळी राहील, असे त्यांनी दाखवले.

हे उत्तर टिकले नाही. प्रकाश अडवणारा पदार्थ तो प्रकाश शोषून तापेल आणि अखेर स्वतःच तितकाच उजळेल, हा आक्षेप जॉन हर्शेल यांनी १८४८ साली मांडला. ताऱ्यांमध्ये धूळ खरोखरच आहे आणि ती प्रकाश शोषते, हे १९३० साली सिद्ध झाले. पण रात्रीच्या काळोखाचे कारण ती नाही. शिवाय हा प्रश्नही सर्वस्वी त्यांचा नव्हता. केप्लर यांनी १६१० साली, हॅले यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आणि स्वित्झर्लंडच्या शेझो यांनी १७४४ साली त्याला हात घातला होता. शेझो यांनी तर उत्तरही जवळजवळ तेच दिले होते. फुटलेल्या ग्रहाची कल्पनाही पुढे मागे पडली. सगळे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान चंद्राच्या शंभरात जेमतेम तीन-चार भाग भरते. गुरूच्या ओढीमुळे तिथे ग्रह कधी तयारच झाला नाही, असे आता मानतात.

मग ओल्बर्स यांच्या पदरात काय उरले? एक कल्पना चुकली, एका कोड्याचे उत्तर चुकले आणि ते कोडेही आधी इतरांना पडलेले. तरीही १९५२ साली हर्मन बाँडी यांनी विश्वरचनेवरच्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न मांडताना तो ओल्बर्स यांच्याच नावाने मांडला. त्यांनी तो इतक्या स्वच्छपणे विचारला होता की विश्वाची कोणतीही उपपत्ती मांडणाऱ्याला आधी रात्र काळी का, याचा जबाब देणे भाग पडले. बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी विश्व अनादि आणि सर्वकाळ सारखे असल्याची उपपत्ती मांडली होती. विश्व अनादि म्हटले की ओल्बर्स यांचा प्रश्न अधिकच टोचतो. तेव्हा विश्वाच्या प्रसरणामुळे दूरचा प्रकाश क्षीण होतो, असे त्यांना सांगावे लागले. याच हॉईल यांच्या हाताखाली आपले जयंत नारळीकर केंब्रिजला घडले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

आज मानले जाणारे उत्तर असे आहे. विश्वाला अंत असो वा नसो, त्याला वय आहे. सुमारे १३८० कोटी वर्षे. प्रकाशाचा वेग ठराविक असल्यामुळे फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला अजून वेळच मिळालेला नाही. तारेही अमर नाहीत. त्यांचे इंधन संपते. सारे आकाश उजळून टाकण्याइतकी पुंजीच ताऱ्यांजवळ नाही. विश्वाचे प्रसरण उरलासुरला प्रकाश आणखी क्षीण करते. म्हणजे रात्रीचा काळोख ही विश्वाच्या जन्माची खूण आहे. विश्वाला आरंभ आहे याचा एक पुरावा रोज रात्री प्रत्येकाच्या अंगणात उतरत होता. ओल्बर्स यांनी नेमके त्याच्याकडे बोट दाखवले होते.

काळोख पूर्ण काळाही नाही. सर्व दीर्घिकांमधल्या, आजवर होऊन गेलेल्या सगळ्या ताऱ्यांचा मिळून एक अतिशय मंद उजेड आकाशात पसरलेला आहे. ओल्बर्स यांच्या प्रश्नाचे आकड्यातले उत्तर म्हणजे हा उजेड किती ते मोजणे. हे काम महाकठीण आहे. पृथ्वीवर वातावरणाची स्वतःची प्रभा आड येते. वातावरणाबाहेर गेले तरी ग्रहांच्या मधल्या धुळीवरून परतणारा सूर्यप्रकाश या उजेडाच्या कितीतरी पट असतो. भर दुपारी काजवा शोधण्यातलाच हा प्रकार. शेवटी २००६ साली सोडलेले आणि २०१५ साली प्लूटोला भेट देऊन पुढे गेलेले न्यू होरायझन्स यान उपयोगी पडले. सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या पन्नास पटींहून दूर, जिथे धूळ जवळजवळ नाही, तिथून त्याच्या कॅमेऱ्याने आकाशाचे रिकामे तुकडे टिपले. आकाशगंगेतल्या ताऱ्यांचा आणि धुळीचा वाटा वजा केल्यावर जे उरले, ते २०२४ साली प्रसिद्ध झाले. एक चौरस मीटर जागेवर अर्ध्या आकाशातून पडणारा हा दृश्य उजेड एका वॅटच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी भरतो. तेवढ्याच जागेवर दुपारचे ऊन सुमारे एक हजार वॅट देते. आणि हा उजेड ज्ञात दीर्घिकांच्या एकत्रित प्रकाशाशी मोजणीच्या मर्यादेत जुळतो. अंधारात आणखी एखादा मोठा दिवा लपलेला नाही, असा या मोजणीचा अर्थ.

ओल्बर्स यांना यातले काही कळणे शक्य नव्हते. पण एक समाधान त्यांना हयातीत लाभले. १८३८ साली, ते ऐंशी वर्षांचे असताना, बेसेल यांनी हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर मोजले. एखाद्या ताऱ्याचे विश्वासार्ह असे अंतर प्रसिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ. तो तारा सुमारे ११ प्रकाशवर्षे दूर आहे. ताऱ्यांच्या अथांग पसाऱ्याविषयी ओल्बर्स यांनी तर्काने लिहिले होते. त्या पसाऱ्याला पहिली मोजपट्टी लावली ती त्यांनी पेढीतून उचलून आणलेल्या मुलाने.

२ मार्च १८४० रोजी ब्रेमेनमध्ये त्यांचे निधन झाले. शहराने दहा वर्षांनी त्यांचा संगमरवरी पुतळा उभारला. चंद्रावरच्या एका विवराला आणि १००२ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचे नाव आहे. पण या सगळ्यांपेक्षा त्यांचे खरे स्मारक त्यांनी स्वतःच सांगून ठेवले होते, ते म्हणजे बेसेल.

आपल्यापैकी बहुतेकांची नोकरी एक असते आणि आवड दुसरी. त्या आवडीला दिवसाच्या शेवटी उरलेले तास तेवढे मिळतात आणि त्यातून हाती काय लागेल याची शाश्वती नसते. ओल्बर्स यांनी असेच उरलेले तास वापरले. उत्तरे चुकली तरी प्रश्न खरा ठेवला, आणि समोर आलेल्या होतकरूला वेळ दिला. येत्या पितृपक्षातल्या काळ्या रात्री गच्चीवर किंवा अंगणात जाऊन क्षणभर वर पाहावे. दोन ताऱ्यांच्या मधल्या काळोखाकडे पाहताना सोबत घरातले एखादे मूल असेल, तर त्याला या वेळी घाईने उत्तर देऊ नये. त्याला प्रश्न पडू द्यावा.